चमचा कलता करून बघा : खानापूर तालुक्यातल्या वरच्या खाण्याच्या नोंदी

२ जून २०२४

आजपासून वही सुरू. आमच्या महिला गटानं या पावसाळ्यात एकच काम अंगावर घेतलंय. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या बाजूच्या तीन वाड्यांत जून ते ऑक्टोबरात ज्या बाळांना सहा महिने पुरे होतात, त्यांच्या घरी जाऊन वरचं खाणं नीट सुरू करून द्यायचं. यादीत अकरा बाळं आहेत. अंगणवाडीच्या बाईंनी जन्मतारखा काढून दिल्या, आशाताई (गावातली आरोग्य कार्यकर्ती) सोबत फिरणार. पैसा गटाच्या शिलकीतला. त्यात नाचणी, मूगडाळ, दळप आणि माझं बसभाडं कसंबसं भागेल.

वहीत नावं लिहायची नाहीत. घरांना खुणा दिल्यात: पिंपळाखालचं, गिरणीजवळचं, ओढ्यापलीकडचं, दोन म्हशींचं वगैरे. वही कुणाच्या हाती लागली तरी गावात बोभाटा नको.

५ जून

पहिली फेरी. सहा महिने भरलेली तीनच बाळं. काय देताय म्हणून विचारलं तर तिन्ही घरांत एकच उत्तर, "डाळीचं पाणी देतो की."

पिंपळाखालच्या घरात ते कसं काढतात ते बसून पाहिलं. आज्जीनं कुकर उघडला, पळीनं वरचं वरचं पाणी वाटीत घेतलं, मिठाची चिमट टाकली. डाळ खाली तशीच राहिली, ती मोठ्यांच्या आमटीला. बाळानं वाटीभर पाणी गटागटा प्यालं आणि आज्जी समाधानानं म्हणाली, "बग, किती आवडतंय." आवडणारच, तहान लागली होती त्याला.

घरी येऊन आकडे मांडले. आईच्या १०० मिली दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. नाचणीचं चमचाभर, म्हणजे आठेक ग्रॅम पीठ २०० मिली पाण्यात शिजवलं तर सगळ्या वाटीत २५ च्या आसपास भरतात. डाळीच्या वरच्या पाण्यात त्याहून कमीच. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत दुधाशिवाय वरून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात. सात किलोच्या बाळाचं पोट एका वेळी २०० मिलीच्या आसपास घेतं. ते पाण्यानं भरलं की दूधही कमी जातं आणि अन्नही पोचत नाही. म्हणजे आपण खाणं सुरू करतोय असं समजून दूध पातळ करतोय.

माझ्या थोरल्याला मीसुद्धा हेच पाणी पाजलं होतं. तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी सासूबाईंचं ऐकलं असतं.

११ जून

"अर्धी वाटी द्या" असं सांगणं बंद. आज सात घरांतल्या वाट्या औषधाच्या मापानं पाणी ओतून मोजल्या. रोजच्या वाट्यांत सर्वांत लहान ११० मिली, सर्वांत मोठी २३०. दोन म्हशींच्या घरात तर बाळाची म्हणून देवघरातली चांदीची वाटी निघाली, ४० मिलीची! खाण्याच्या छापील तक्त्यावरची वाटी २५० मिलीची, आणि ती एकाही घरात नाही.

खानापूरच्या बाजारातून एकसारख्या स्टीलच्या बारा वाट्या आणल्या, २५० मिलीच्या. खिळ्यानं आत १२५ वर रेघ मारली. सुरुवातीला दोन-तीन चमचे, मग नऊ महिने पुरे होईस्तोवर रेघेपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांत रेघेइतकंच, पण तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. खिळ्याची रेघ घासून गेली तर पुन्हा मारता येते, छापलेला कागद चुलीत जातो.

१६ जून

आजचा दिवस उष्टावणात गेला.

ओढ्यापलीकडच्या घरात मुलगी. मामा चंदगडहून येणार, पुढच्या रविवारी उष्टावण ठरलंय. जन्मतारीख पाहिली तर मुलीला पुरे पाच महिनेही झालेले नाहीत. मी म्हटलं, आज्जी, अजून महिनाभर तरी थांबूया. तर म्हणाल्या, मुलग्याचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, पाचव्यात नाही तर सातव्यात. आता पाचवा चालू आहे, सातवा लांब आहे.

मी वाद घालायच्या बेतात होते. आशाताईंनी विचारलं, "आज्जी, सातवा लागल्यावर चालंल का सरल्यावर पायजे?" आज्जी म्हणाल्या, "लागला की चालतंय की."

सातवा लागतो तो सहा महिने पुरे झाल्या दिवशी! म्हणजे शास्त्र सांगतं तोच दिवस. मामाला फोन गेला, तारीख पुढं ढकलली, कुणाचा शब्द खाली पडला नाही.

मुलग्यांचा घोळ मात्र इथंच आहे. "सहाव्यात उष्टावण" म्हणजे बहुतेक घरांत सहावा लागल्यावर, म्हणजे पाचच महिने झालेले असताना. यादीतल्या दोन मुलग्यांना तसं लवकर सुरू झालंय. यापुढं विचारायचं: लागला का सरला? आणि तारखेसोबत बाळाकडंही बघायचं. मान धरतं का, टेकून बसतं का, चमचा तोंडाशी नेला तर जीभ बाहेर ढकलते का आत घेते. जीभ ढकलत असेल तर ते हट्ट करत नाही, तयार नाही इतकंच.

२० जून

घट्ट कालवण तीन घरांत करून दाखवलं. भाजलेले तांदूळ आणि मूगडाळ दळून खिमट, वर अर्धा चमचा तूप. बाजूला नेहमीचं पाणी. दोन्ही चमचे कलते केले. पाणी सरळ खाली. खिमट चमच्यावर थांबलं, मग हळूच सुटून पडलं. एवढी एकच परीक्षा सांगतेय सगळीकडं: चमचा कलता करून बघा. ओघळलं तर पातळ, चिकटूनच बसलं तर घट्ट, थांबून पडलं तर बरोबर.

गिरणीजवळच्या आज्जी म्हणाल्या, "घट्ट दिलं तर घशात अडकंल की गे."

भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. नवं खाताना बाळाला उबळ येते, खाकरतं, डोळ्यांत पाणी येतं, पण आवाज निघत असतो. ती उबळच त्याला वाचवते. अडकलं म्हणजे आवाज बंद, रडता येत नाही, ओठ निळे पडायला लागतात. तेव्हा हातावर पालथं घेऊन डोकं खाली, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. आशाताईंनी उशी घेऊन करून दाखवलं. शेंगदाणे अख्खे नाहीत, फुटाणे नाहीत, आणि झोपवून भरवणं अजिबात नाही.

२७ जून

नाचणीच्या सत्त्वाचा प्रयोग. आज मजा आली.

अडचण अशी की घट्ट केलं की बाळ तोंड फिरवतं, पातळ केलं की त्यात काही नसतं. यातून सुटायची वाट आपल्या घरातच आहे. मे महिन्यात उन्हात वाळवलेलं मोड आणलेलं पीठ गटाकडं होतं. साध्या पिठाचं इतकं घट्ट कालवण शिजवलं की पळी उभी राहावी. खाली उतरवून थोडं निवू दिलं, बोट टेकवता येतं पण ठेवता येत नाही इतपत. त्यात मोडाचं पीठ एक छोटा चमचा घालून हलवत बसलो. पाचेक मिनिटांत ते सैल पडायला लागलं, दहा मिनिटांत खिरीसारखं झालं. पाणी एक थेंब घातलं नव्हतं. पुन्हा एक उकळी दिली.

बायका म्हणाल्या, पाणी सुटलं. पाणी नाही सुटलं. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं, ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं, म्हणून कालवण गिळायला सोपं होतं आणि पीठ तेवढंच राहतं. एका वाटीत दुप्पट-तिप्पट पीठ बसवता येतं. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात याच मोडाच्या पिठावर बरंच काम केलं होतं. आपल्याकडं नाचणीचं सत्त्व आधीपासून होतंच, फक्त ते आजाऱ्याला द्यायचं म्हणून बाजूला पडलं.

आणि नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तांदळात त्याच्या जवळपासही नाही.

१४ जुलै

दुसरा घाणा फसला.

तीन किलो नाचणी भिजवली, फडक्यात बांधली, मोड छान आले. पण ऊन कुठलं? आठ दिवस नुसती रिपरिप. मग तव्यावर मंद आचेवर परतून वाळवली. असा खमंग वास की येणारी प्रत्येकजण वाकून बघत होती. दळून आणलं, सगळ्यांनी वाखाणलं. कालवणात घातलं आणि काहीच झालं नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पळी उभी ती उभीच.

दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, परतताना अमायलेजच मेलं. खमंग पीठ झालं, सत्त्व नाही झालं. तीन किलो वाया गेलं असं नाही, साधं पीठ म्हणून वापरू. पण मुद्दा हुकला.

१९ जुलै

तिसरा घाणा. या वेळी चुलीवरच्या माळ्यावर सुपांत पातळ पसरून ठेवली, हाताला कोमट लागेल इतकीच ऊब. तीन दिवस लागले. एका सुपात बुरशीचा वास आला, ते सगळं उकिरड्यावर. "थोडी निवडून घेऊ की" असं एकजण म्हणाली. नाही. मोठ्यांच्या भाकरीत एकवेळ चालवून घेतलं असतं, बाळाच्या वाटीत बुरशी नको.

उरलेल्याला धुराचा वास आहे, पण कालवण सैल करतंय.

२६ जुलै

बस बंद. ओढ्यावरून पाणी गेलंय. फोनवरच विचारपूस.

रोपलावण जोरात. बाया सकाळी आठला जातात त्या संध्याकाळीच येतात, बाळ आज्जीजवळ. आम्ही वाटी आणि पाककृती सुनेला शिकवत होतो, भरवतंय कोण? आज्जी. आणि आज्जी तिच्या पद्धतीनंच भरवणार. हे जूनमध्येच कळायला हवं होतं. आता पुढच्या फेरीपासून आधी आज्जीशी बोलायचं, सूनबाई असली तर उत्तम.

दूध काढून झाकलेल्या भांड्यात ठेवून जायचं, चारेक तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजायचं, हे दोघींना पटलं. बाटली नको याच्यावर मात्र कुणाला फार समजवावं लागलं नाही, बाटली धुण्याइतका वेळ कुणाला आहे?

२ ऑगस्ट

बसनं आज पोचले. गिरणीजवळच्या बाळाला तीन दिवस जुलाब. घरात निदान तयार: दात येतायत. खाणं बंद करून नुसतं पाणी चालू. पिण्याचं पाणी बघितलं तर पुराचं गढूळ, तुरटी फिरवलेलं. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. उकळूनच घ्यायचं.

ओआरएस, जिंकची गोळी १४ दिवस (सहा महिन्यांवर २० मिलिग्रॅम), अंगावरचं दूध चालूच, आणि खाणंही चालूच, थोडं थोडं. बाळाचे डोळे खोल गेले नव्हते, लघवी होत होती, म्हणून घरी ठेवलं. पण ग्लानी आली, पिणं सोडलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर लगेच दवाखाना, हे तीनदा बजावलं. (नंतर लिहिलेलं: चार दिवसांनी बरं झालं.)

८ ऑगस्ट

श्रावण लागला. सात-आठ महिन्यांच्या बाळांना उकडलेलं अंडं कुस्करून द्यायला नुकती सुरुवात केली होती, घरोघर बंद झालं. मी काही बोलले नाही. दोन म्हशींच्या घरातल्या आज्जी स्वतःच म्हणाल्या, "आमचा श्रावण. बाळाला कसला आलाय श्रावण?" आणि शेजारणीकडून अंडं उकडून आणलं, आपल्या चुलीवर नाही. नेम मोडला नाही, बाळही उपाशी नाही.

बाकीच्यांना भाजून बारीक कुटलेलं शेंगदाण्याचं कूट, डाळ, दही. आठ गटांतले रोज किमान पाच पोटात गेले पाहिजेत: आईचं दूध, धान्य-कंद, डाळी-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-केशरी नि हिरव्या भाज्या-फळं, इतर भाज्या-फळं. आईचं दूध हा एक गट आधीच धरलेला असतो हे सांगितलं की बायांचा चेहरा खुलतो. चारच उरले.

गूळ, साखर, मीठ वर्षापर्यंत नको. मध तर मुळीच नको, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळं तान्ह्याला लुळेपणा येऊ शकतो. बाळगुटी मधात उगाळतात ती आधी थांबवली.

१३ ऑगस्ट

ओढ्यापलीकडच्या मुलीचं कार्ड आज नीट पाहिलं. बाळंतपण माहेरी, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, म्हणून तिकडचं कार्ड मराठीत. सासरी आल्यावर इकडचं तायी कार्ड (आई-बाळाचं कार्ड) कन्नडात. लसी दोन्हींत अर्ध्या-अर्ध्या. वजनाचा आलेख दोन्हींत तोच, पण आई एकच वाचू शकते. कन्नड कार्डावर खाण्याची चित्रं चांगली आहेत, चित्रांखालचं तिला वाचता येत नाही. एका कचेरीत मराठी पत्रक मिळेल का विचारलं, तर "वरून आलं तर देऊ." आम्ही चित्रांशेजारी पेनानं मराठीत लिहून दिलं. अंगणवाडीच्या बाईंनी कन्नड वाचून सांगितलं, मी लिहिलं. दोघींना जमलं की सुटतं.

१७ ऑगस्ट

पिंपळाखालची चिंता. मुलगी. वजन जूनमध्ये ६.१ किलो, जुलैत ६.२, आज ६.२. रेघ आडवी. दंडाचा घेर १२.२ सेंटीमीटर, मोजपट्टीच्या पिवळ्या भागात. साडेअकराच्या खाली गेला तर लाल.

सगळं देतो म्हणतात. मग दुपारभर तिथंच बसले. चार वाजता आज्जींनी चहा केला, बशीत बिस्कीट बुडवून भरवलं, एक, दोन, अडीच. मग संध्याकाळी खिमटाला भूक कुठली? चहानं लोह अंगी लागत नाही ते वेगळंच. आज्जीला ओरडून काय होणार, ती प्रेमानंच देते. बिस्किटाच्या जागी तिच्याच हातात कुस्करलेलं केळं दिलं, बशी तीच, वेळ चारचीच.

लोहाचं औषधही बंद होतं. आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं, पण शी काळी झाली म्हणून घाबरून सोडलेलं. काळी होणारच, लोहानं होते.

१० सप्टेंबर

गणपतीत सगळी फेरी विस्कटली. मोदक, पंचखाद्य, पाहुणे. पुण्याहून आलेल्या एका आत्यानं बाळाच्या सिरीयलचा डबा आणला, "सगळं असतं यात." डब्यावरच लिहिलंय की आईचं दूध सर्वोत्तम. १९९२ च्या कायद्यानं, २००३ च्या दुरुस्तीसकट, दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा डब्यांची जाहिरात करायला बंदी आहे. जाहिरात नसली तरी आत्या असतेच. डबा परत कसा करायचा? प्रवासात वापरा म्हटलं.

२१ सप्टेंबर

पिंपळाखालची ६.६! दंड १२.५. आज्जी काट्याकडं बघत होत्या, मग माझ्याकडं, मग पुन्हा काट्याकडं. "काटा बिघडलाय का?" दुसऱ्या बाळावर तपासून दाखवला.

काल बाजारात ताजी रताळी दिसली. उकडून, आईच्या दुधात कुस्करून सगळ्यांना आवडलं. पपई तिघांना नाही आवडली. नवं खाणं आठ-दहादा समोर यावं लागतं तेव्हा ओळख पटते, एकदा तोंड वाकडं केलं म्हणून सोडायचं नाही.

६ ऑक्टोबर

अकरापैकी नऊजणांची रेघ वर. एक आजोळी गेलंय, एकाचं अजून कळत नाही. नऊ महिन्यांची झालेली गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस घ्यायला परवा येणार, आशाताईंनी सांगून ठेवलंय.

ऊन कडक पडतंय. चार किलो नाचणी भिजवलीय, पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढं सत्त्व आत्ताच करून ठेवायचं. जुलैत माळ्यावर ठेवायची पाळी येऊ नये.

२० ऑक्टोबर

पिंपळाखालच्या घरी गेले तर मुलगी आजोबांच्या मांडीवर. आजोबांच्या ताटातली भाकरी आणि वाटीत बाजूला काढून ठेवलेली आमटी, तिखट-मीठ पडायच्या आधीची. आज्जींनी ती बोटांनी मोकळी केली, भाकरीचा तुकडा त्यात कुस्करला, चमचा भरला आणि मी काही म्हणायच्या आधी कलता करून बघितला. थांबलं, सुटलं. मुलीनं अर्धं खाल्लं, अर्धं आजोबांच्या सदऱ्याला पुसलं. वजन ६.९.

चहाचं आधण चुलीवर होतं. मला दिला, तिला नाही.